आधी लंगोट उघडून पाहा

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात, सिमोरी गावात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिले गेले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी किती तरी जणांनी ती बातमी मला पाठवली. सोबत संताप होता, हळहळ होती. ‘बाई, या लोकांना अक्कल कधी येणार?’ असंही एकाने लिहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर मी आज सगळ्यांसमोर देते. आवडणार नाही, तरी पूर्ण ऐका.

मेळघाटात त्या प्रकाराला डंबा म्हणतात. बाळाचं पोट फुगलं, पोटावर निळ्या शिरा दिसू लागल्या, ते दूध ओढेना, धापा टाकू लागलं, की विळा किंवा सळई लाल करायची आणि पोटाला टेकवायची. त्याने आजार बाहेर पडतो, अशी समजूत. त्या फुगलेल्या पोटामागे खरं काय असतं? कधी न्युमोनिया असतो, कारण तान्हं बाळ श्वास पोटाने घेतं आणि छाती भरली की पोटच जोरजोरात वरखाली होतं. कधी रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असतो, त्यात आतडं सुस्त पडतं. कधी आतड्यात जन्मापासूनचाच अडथळा असतो. यातल्या एकाही आजाराला चटक्याने उतार पडत नाही. भाजलेल्या कातडीतून अंगातलं पाणी जातं, नवे जंतू आत शिरतात, आणि दवाखान्यात पोचायची वेळ निघून जाते. हे क्रूर आहे आणि बंद झालंच पाहिजे. तिथवर माझं तुमच्याशी दुमत नाही.

पण डंबा देणाऱ्या त्या घराने निदान लेकराचं पोट पाहिलं होतं. फुगलंय, शिरा उमटल्यात, एवढं त्यांच्या डोळ्यांना दिसलं. पुढचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या डोंगरातून मोठ्या दवाखान्यात यायचं तर घाटाच्या रस्त्याने तासन्‌तास जातात. तुम्हाला शिकवलं होतं. मी शिकवलं होतं. आधी अकोल्याच्या आणि मग अमरावतीच्या वर्गात तुम्ही पचनसंस्थेची आकृती काढलीत, अन्ननलिका, जठर, यकृत, पित्ताशय, लहान आतडं, मोठं आतडं, सगळ्यांना बाण काढून नावं दिलीत आणि पैकीच्या पैकी गुण घेतलेत. आज तुमच्या घरात लेकरू ओकलं तर ओकारीचा रंग कोणता होता हे तुम्हाला सांगता येत नाही. ढाळ लागले की म्हणता, ‘दाताचे संडास होऊन राहिले, बाई.’ रडलं की म्हणता, ‘लेकराले दिष्ट लागली.’ पोट धरून बसलं तर, ‘गॅस असन.’ बघायच्या आधीच नाव ठेवून मोकळे होता, आणि एकदा नाव ठेवलं की कुणी बघतच नाही. अमरावतीत डफरीन हॉस्पिटल तुमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, अकोल्याच्या पोरींना लेडी हार्डिंग तितकंच जवळ आहे. मग सिमोरीच्या माणसांना अक्कल विचारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

दातांचंच आधी घेते, कारण या एका शब्दाने वऱ्हाडात फार नुकसान केलं आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात दात येतात आणि त्याच सुमारास ढाळ लागतात, म्हणून दातांमुळे ढाळ होतात असं तुम्ही धरून चाललात. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी तुमच्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं. त्याच महिन्यांत लेकरू रांगू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्याच महिन्यांत वरचं खाणं सुरू होतं. आणि जन्माच्या वेळी आईच्या रक्तातून मिळालेलं संरक्षण त्याच महिन्यांत ओसरत असतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चावी चावतं, चप्पल चावतं, आणि त्यावरचे जंतू पोटात जातात. ढाळ त्या जंतूंचे असतात, बहुतेक वेळा विषाणूंचे. ‘दाताचे आहेत’ म्हणून तुम्ही दोन दिवस वाट बघता. तान्ह्या लेकराच्या अंगातलं पाणी संपायला दोन दिवस लागत नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तर काही तासच पुरतात.

शी किती वेळा झाली ते तुम्ही मला बोटांवर मोजून दाखवता. लघवी किती वेळा झाली ते कुणी मोजलं? शेवटचा ओला लंगोट किती वाजता बदलला? डायपर बांधून ठेवलं की हे कळायचा मार्गच बंद होतो. ढाळ लागलेल्या लेकराला डायपरात गुंडाळून ठेवू नका, आणि ठेवलंत तर दर दोन तासांनी उघडून हात लावून बघा. सहा तास लंगोट कोरडा राहिला तर ते अंगातलं पाणी आटल्याचं लक्षण आहे. डोळे खोल जातात. जीभ कोरडी पडते. रडतं, पण डोळ्यांतून पाणी येत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर एरवी ती लगेच सपाट होते. घडी तशीच राहिली आणि हळूहळू उतरू लागली तर एक मिनिटही घरी थांबू नका. लेकरू सुस्त पडलं, हाक मारून डोळे उघडेना, पाजलेलं पाणी गिळेना, तर ते मरणाच्या वाटेवर आहे. हा शब्द मुद्दाम वापरते आहे.

आणि टाळू. बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा खाली बसली की आपल्याकडे म्हणतात टाळू पडली. मग आजी तेलाचा बोळा ठेवते, कुणी बाई तोंडात अंगठा घालून टाळू वर उचलते. तुमच्या आजीने बरोबर पाहिलं होतं. टाळू खरंच खाली जाते, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. पण तेल डोक्यावरून आत जात नाही. पाणी तोंडाने द्यायचं असतं. तेही तोंडात अंगठा खुपसून नव्हे, चमच्याने.

कसलं पाणी, ते नीट ऐका. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवर बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजून घेतलं. छावणीत शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. हे केलं आयांनी, बहिणींनी, चमच्या-पेल्याने. लहान आतड्याच्या अस्तरातून साखर आणि मीठ जोडीने आत घेतलं जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. ढाळ चालू असतानाही हे दार उघडं असतं, ओआरएस म्हणजे अशाच मिश्रणाचं सगळं बळ एवढ्यात आहे. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. साखर जास्त झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि ढाळ वाढतात.

आता तुम्ही काय करता ते सांगते. लिटरभराचं पाकीट पेल्यात चिमूट चिमूट टाकता. पाकिटावर लिहिलेलं असतं, कोणतं एका लिटरसाठी आणि कोणतं २०० मिलिलिटरसाठी, ते वाचा. आख्खं पाकीट सांगितलेल्या पाण्यात एकाच वेळी घाला, चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्या. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, चमचा चमचा, दोन-तीन मिनिटांनी एक. ‘पाजलं की ओकते बाई’ म्हणून बंद करणाऱ्यांनी एका दमात आख्खा पेला पाजलेला असतो. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट. मूठ आणि चिमूट चालणार नाही.

दुकानातून रंगीत गोड डबे आणता आणि ओआरएस पाजलं असं समजता. त्यांतल्या कित्येकांत साखर भरमसाट आणि मीठ नावाला असायचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शीतपेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. फळाचं चित्र असलेला डबा लेकराच्या ढाळावर चालत नाही, आधीही चालत नव्हता.

झिंकची गोळी चौदा दिवस द्यायची असते, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिन्यांपुढे २०. ढाळ तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून उरलेली पट्टी फडताळात टाकून देता. पुढचे ढाळ लवकर येऊ नयेत म्हणूनही ती गोळी असते. आशाताई फुकट देतात, तर तुम्हाला वाटतं फुकटचं औषध काय कामाचं. आतडं थांबवणारी मोठ्यांची गोळी मात्र स्वतःहून अर्धी करून देता. लेकराचं आतडं थांबवणं धोक्याचं आहे, पोट फुगून जीव जाऊ शकतो. अँटिबायोटिकसाठी डॉक्टरशी हुज्जत घालता. विषाणूच्या पाण्यासारख्या ढाळांवर ते काही करत नाही. शीमध्ये रक्त आणि शेंब असेल, सोबत ताप असेल, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी डॉक्टर स्वतः लिहून देतील, पण त्यासाठी तुम्ही शी पाहिलेली असली पाहिजे. आणि अंगावरचं दूध तोडू नका. पेज, वरणभात, केळं, जे खाईल ते थोडं थोडं देत राहा. ढाळांत उपाशी ठेवलेलं लेकरू आधी वाळतं आणि मग पुढच्या आजाराला बळी पडतं. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या तुम्ही १९९३ पासून वाचता आहात. ढाळ आणि उपास यांच्या फेऱ्यात कुपोषण कसं वाढतं, हे मात्र घरातल्या लेकरावर तपासून बघत नाही.

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्याच पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीचं दूषित पाणी पिऊन माणसं मेली. त्याचीही बातमी तुम्ही एकमेकांना पाठवली होती. तुमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून टाकीत, ड्रममध्ये, माठात पाणी साठवता. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर गोडं पाणी जपूनच वापरावं लागतं. साठवलेल्या पाण्यात पेल्यासकट हात बुडवता, आणि तो हात लेकराचं ढुंगण धुऊन साबणाविना आलेला असतो. लांब दांड्याचं ओगराळं घ्या. दुधाची बाटली तर घराबाहेर काढा. तिच्या रबरी बोंडाच्या आत घासणी पोचत नाही. बाटल्यांची आणि डबाबंद दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने मनाई आहे, आणि तुम्ही बारशाला बाटली भेट देता. उन्हाळा आहे म्हणून तीन महिन्यांच्या बाळाला पाणी पाजता. सहा महिने आईचं दूध आणि फक्त आईचं दूध, वऱ्हाडच्या उन्हाळ्यातसुद्धा, कारण त्या दुधात बहुतांश पाणीच असतं. दिवसात सहा वेळा लघवी होत असेल तर बाळाला पाणी पुरतंय. पुन्हा तेच, मोजा. रोटा विषाणूची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना थेंब. चुकवू नका.

आता ओकारी. दूध पिऊन झाल्यावर तोंडाच्या कडेने थोडं बाहेर येतं, बाळ हसत असतं, वजन वाढत असतं. ही गुळणी आहे, आजार नाही. जठराच्या वरची झडप अजून घट्ट नसते. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ती सगळ्यात जास्त होते आणि वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबते. एवढ्यासाठी तुम्ही डॉक्टर बदलत फिरता. उलट तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, बहुधा मुलगा, बहुधा पहिलाच, प्रत्येक दुधानंतर फूटभर लांब उडेल अशी ओकारी करतं, ओकून झालं की पुन्हा भुकेने तडफडतं आणि वजन घटत जातं, तेव्हा तुम्ही घुटी उगाळत बसता. त्याच्या जठराचं खालचं तोंड स्नायू जाड होऊन बंद होत आलेलं असतं. लहानशा शस्त्रक्रियेने ते पूर्ण बरं होतं. आणि ओकारी हिरवी असेल, पित्ताची, तर घरात कुणालाही विचारायला थांबू नका. नवजात बाळाची हिरवी ओकारी म्हणजे आतड्याला पीळ पडला आहे असंच समजून धावायचं. पीळ पडलेलं आतडं रक्ताविना काही तासांत काळं पडतं. पांढऱ्या चादरीवर पडलेल्या ओकारीचा रंग बघायला शिक्षण लागत नाही, त्या क्षणी दिवा लावावा लागतो.

एक आजार मी वर्गात कधी सांगितला नव्हता, कारण पुस्तकात नव्हता. आज सांगते. सहा महिने ते दोन वर्षांचं धडधाकट लेकरू अचानक किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरं पडतं. दोन-चार मिनिटांत शांत होतं, खेळायलाही लागतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. मध्ये शांत होतं म्हणून तुम्हाला वाटतं, मुरडा होता, गेला. दिष्ट काढली, उतरली. मिरच्या जाळल्या, ठसका आला नाही म्हणजे नजर जबर होती. तोवर आत काय झालेलं असतं? सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसा आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरलेला असतो. कळ येते तेव्हा तो आणखी आत जातो. पुढे ओकाऱ्या सुरू होतात, लेकरू मलूल पडतं, आणि शेवटी रक्त-शेंब कालवलेली लाल गिळगिळीत शी होते. ती दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. लवकर पोचलात तर सोनोग्राफीत ते दिसतं, आणि गुदद्वारातून हवा किंवा पाणी सोडून पुष्कळ वेळा चिरफाड न करता आतडं बाहेर ढकलता येतं. उशीर केलात तर आतड्याचा सडलेला तुकडा कापावा लागतो. एका संध्याकाळच्या उशिराने एवढा फरक पडतो. ठरावीक वेळाने येणारं किंचाळणं, मध्ये शांतता आणि पुन्हा किंचाळणं, हा क्रम घड्याळ लावून टिपा.

कावीळ उतरवायला नेता ना? तुमच्यातल्या शिकलेल्यांनीही नेलं आहे, मला नावं माहीत आहेत. नवजात बाळ पहिल्या आठवड्यात पिवळं दिसतं, बहुतेकांचं आपोआप जातं. पण दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, लघवी कपड्याला पिवळा डाग लावत असेल आणि शी पांढुरकी, राखाडी होत असेल, तर यकृतातून पित्त खाली उतरत नाही आहे. शीला पिवळा-तपकिरी रंग पित्ताचा असतो, हे तुम्ही परीक्षेत लिहिलं होतं. पित्ताची वाट जन्मतः बुजलेली असेल तर शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर सगळ्यात चांगली लागू पडते. पुढे यकृत कडक होत जातं. गळ्यात मुळ्यांची माळ बांधून, ती लांब होते का बघत एकेक आठवडा घालवायची चैन त्या बाळाला परवडत नाही. पांढरी शी दिसली की मोबाइलवर फोटो काढा. वाढदिवसाचे शंभर काढता, हा एक काढा आणि डॉक्टरला दाखवा.

जन्मानंतर चोवीस तासांत काळी, चिकट पहिली शी झाली का, हेही विचारून ठेवा. झाली नाही आणि पोट फुगत गेलं, तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसण्याची शक्यता असते. मेळघाटात ज्या पोटांवर विळा टेकवला जातो, त्यांत अशीही पोटं असतील.

रोज संध्याकाळी दोन-तीन तास गळा काढून रडणाऱ्या बाळाचं मात्र उलट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे सुरू होतं, सहाव्या आठवड्यात कळस गाठतं, तीन-चार महिन्यांत थांबतं. बाळ पितं, वाढतं, ताप नाही, ओकारी नाही, पोट मऊ आहे, तर त्याला काही झालेलं नाही. तिथे तुम्ही बिबा घालता, हिंगाचा लेप थापता, ग्राइप वॉटर पाजता, घुटीत जायफळ जास्त उगाळून त्याला गुंगी आणता, मधाचं बोट चाटवता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध विषारी ठरू शकतो. आणि सगळा राग त्या ओल्या बाळंतिणीवर काढता. ‘तिनं वांगं खाल्लं म्हणून लेकराचं पोट दुखून राहिलं.’ सासूबाई, तिला वांगं खाऊ द्या, डाळ खाऊ द्या, पोटभर भाकर खाऊ द्या. ती नीट जेवली तरच लेकराला दूध पुरेल. रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेऊन कुणीतरी अंगणात फिरा आणि तिला दोन तास झोपू द्या.

आता माझ्या स्वतःच्या खात्याकडे येते, आणि इथे माझ्या सहकारी शिक्षकांनीही मान खाली घालून ऐकावं. सातवी-आठवीतला पोरगा चड्डीत शी करतो, वर्गात वास येतो, पोरं नाक दाबतात, गुरुजी बाहेर काढतात, घरी बाप पट्टा काढतो. त्या पोराला बद्धकोष्ठ आहे. शाळेच्या संडासात पाणी नाही, कडी नाही, घाण आहे, म्हणून तो दिवसभर दाबून ठेवतो. दाबून ठेवलेला मळ कोरडा होतो, मोठा होतो, काढताना दुखतो. दुखतो म्हणून तो पुन्हा दाबतो. मोठं आतडं ताणलं जातं, संवेदना बोथट होते, आणि अडकलेल्या मळाच्या कडेने पातळ शी नकळत झिरपते. त्याला ती कळतच नाही. तुम्ही मारता ते आजाराला मारता. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या शाळांतले संडास उघडून बघा, आणि मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत तिथे काय हाल सोसावे लागतात तेही विचारा. पालकसभेत तुम्ही गुणांबद्दल तासभर भांडता. संडासाच्या पाण्यासाठी एकाने तरी हात वर केला आहे का?

अशा मुलाला औषध काही महिने लागतं. चार दिवसांत शी मोकळी झाली म्हणून बंद केलं तर पुन्हा तिथेच येतो. विड्याच्या पानाचा देठ आणि साबणाची वात बंद करा, कोवळी जागा चिरते आणि भीती वाढते. रोज जेवणानंतर दहा मिनिटं त्याला शांतपणे संडासात बसू द्या, पाय टेकलेले असू द्या. दूध दोन पेल्यांवर आणा, बिस्किटांचे आणि कुरकुरीत पुड्यांचे खिसे रिकामे करा. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तूरडाळ, पेरू, बोरं, हे सगळं तुमच्या शेतात पिकतं आणि तुम्ही लेकराला मैदा भरवता. अंगावर पिणारं सहा आठवड्यांपुढचं बाळ चार-पाच दिवस शी करत नाही आणि केली की मऊ करतं, त्याला मात्र काही करू नका. तो बद्धकोष्ठ नाही.

शाळेत जाणाऱ्या पोरीचं पोट बेंबीभोवती दुखतं, तपासण्या चांगल्या येतात, सुट्टीत दुखत नाही. नाटक म्हणू नका, ते दुखणं खरं असतं. घरात काय चाललंय, वर्गात कोण छळतंय ते विचारा. पण दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकलं, चालताना वाकावं लागलं, उडी मारायला सांगितलं तर मारवेना, ताप आणि ओकारी आली, तर ते आंत्रपुच्छ आहे असं धरून चाला. तिथे बेंबी सरकली म्हणून पोट चोळणाऱ्या बाईकडे नेऊ नका, सुजलेलं आंत्रपुच्छ चोळल्याने फुटू शकतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, घटणारं वजन, शीतलं रक्त, खुंटलेली उंची, यातलं काहीही असेल तर ते साधं दुखणं नाही. जंतांची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत, अंगणवाडीत मिळते. ‘माझ्या लेकराला जंत नाहीत’ म्हणून तुम्ही चिठ्ठी पाठवता. शी पाहिली होती का?

मी विज्ञान शिकवलं, औषध शिकवलं नाही, म्हणून औषध विचारायला मला फोन करू नका. ओआरएसची चार पाकिटं आणि झिंकची एक पट्टी आज संध्याकाळी आणून ठेवा. एक वही करा. लेकरू आजारी पडलं की शेवटची लघवी किती वाजता झाली, ओकारी कोणत्या रंगाची होती, शी कशी होती, एवढं त्यात लिहा, आणि डॉक्टरपुढे बसल्यावर ‘दाताचे आहेत’ म्हणण्याऐवजी ती वही उघडा. रात्री-बेरात्री गाडी नसेल तर १०८ लावा. आणि मेळघाटातली पुढची बातमी मला पाठवायच्या आधी तुमच्या गल्लीत, तुमच्या शेतावर मजुरीला येणाऱ्या कोरकू आदिवासी बाईला जवळ बसवून, टाळू का खाली जाते आणि चमच्याने पाणी कसं पाजायचं, ते करून दाखवा.